‘उचल’ कोण म्हणालं?

तुर्कस्तानातल्या आंतेप शहरात, आमच्या गल्लीत बकलाव्याचे चार कारखाने आहेत आणि चारही कारखान्यांतले पाक घालणारे उस्ता, म्हणजे मुख्य कारागीर, एकच सोंग करतात. भाजलेली परात चुलीवर चढली, कढता पाक तिच्यावर पडला, की हे लोक पळीचं टोक परातीच्या काठाला टेकवतात, तिचा लांब लाकडी दांडा जबड्याखाली दाबतात, डोळे मिटतात आणि मान कलती करून उभे राहतात. असं का करता म्हणून विचारलंत तर सांगतील, “पूर्वापार चालत आलंय.” पूर्वापार कसलं डोंबलाचं! हे सुरू झालं तेव्हा मी चांगला चौतीस वर्षांचा घोडा होतो, दोन पोरींचा बाप होतो आणि चुलीच्या शेजारच्याच ओट्यावर पाऱ्या लाटत होतो. ते कसं सुरू झालं ते मला पक्कं माहीत आहे. इतकी वर्षं एकट्यानंच त्यावर हसायचा आता मला कंटाळा आलाय, म्हणून सांगून टाकतो.

हे सगळं वक्कास उस्तांचं काम. आमच्या कारखान्याचे ते पाकवाले. उंची बेताची, मिशी भरघोस आणि थापांना तर अंतच नाही. त्यांच्या आजोबांची परात म्हणे सुलतानाच्या वाड्यात गेली होती. सुलतानानं खूश होऊन आजोबांना मुलगी देऊ केली. आजोबांनीच नको म्हटलं, कारण पोरीला पारी लाटता येत नव्हती. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान दोनशे वेळा ऐकली असेल आणि दर वेळी सुलतानाची मुलगी आणखी सुंदर होत गेली. पण काम? कामात या माणसाचा हात धरणारा आंतेपात कुणी नव्हता. हे मी नाइलाजानं सांगतोय, कारण मला त्यांची जागा हवी होती.

आता ती का हवी होती तेही ऐका. पारी लाटणं म्हणजे पोळी लाटणं नव्हे. अंडी घालून मळलेलं पीठ, त्याचे बेताचे गोळे, मग एकावर एक अशा दहा-बारा पाऱ्या रचायच्या, प्रत्येकीच्या मध्ये गव्हाच्या सत्त्वाची पूड भुरभुरायची आणि काठीएवढ्या लांब लाटण्यानं सगळ्या एकदम लाटत न्यायच्या. पारी इतकी पातळ झाली पाहिजे, की ती वर्तमानपत्रावर पसरली तर खालचं वाचता यावं. नुसते मोठे मथळे वाचता आले तर उस्ता ती पारी परत टाकायचे. बारीक अक्षरातल्या निधनवार्ता वाचता आल्या, तरच पास. अशा विसेक पाऱ्या खाली, त्यावर रवा घालून घट्ट केलेल्या दुधाचा हात, मग ऑगस्टात कच्चे असतानाच तोडलेले हिरवेगार पिस्ते आणि वर पुन्हा विसेक पाऱ्या. मेंढीच्या दुधाचं तूप प्रत्येक फटीत उतरलं पाहिजे. हे सगळं खांद्याच्या जिवावर होतं. लाटणाऱ्याचा खांदा पंधरा वर्षं टिकतो, असं म्हातारे सांगायचे. माझा तेरा वर्षांतच गेला. सकाळी शर्टात हात घालायला बायको लागायची. पाक घालायला खांदा लागत नाही, कान लागतात. आणि माझे कान शाबूत होते.

कान का लागतात, तर परात भट्टीतून निघते ती थेट चुलीवर येते आणि खालून आच चालू असतानाच वरून कढता पाक पडतो. आधी नुसता तडतडाट. मग चरचर. मग ती चरचर बारीक होत जाते आणि एक क्षण असा येतो, की सगळा आवाज एकसारखा होतो. त्याच क्षणी पाकवाल्यानं ‘उचल’ म्हणायचं आणि हाताखालच्यानं परात उचलायची. दोन श्वास आधी उचलली तर तळ कोरडा राहतो. दोन श्वास उशीर झाला तर पापुद्रे बसतात आणि बकलाव्याचा शिरा होतो. चाखून बघायला वेळच नसतो, आणि रमजानात तर प्रश्नच मिटला. सगळ्यांचे रोजे, तोंडात थुंकीसुद्धा गिळताना विचार करायचा आणि वर्षातलं सगळ्यात जास्त काम नेमकं त्याच महिन्यात, कारण महिना संपला की साखरेची ईद.

तर एके वर्षी उस्तांनी पळीचा दांडा जबड्याखाली लावायला सुरुवात केली. आम्ही आठ लाटणारे तोंडं वासून बघत राहिलो. मी धीर करून समोर गेलो.

“उस्ता, हे काय नवीन?”

उस्ता गंभीरपणे म्हणाले, “मेमिक, कानानं ऐकणारे गल्लीत पुष्कळ आहेत. पाक हाडानं ऐकायचा असतो.”

झालं! संध्याकाळपर्यंत ही वाणी गल्लीभर झाली. हाडानं ऐकायचा! काय बोलले, काय बोलले! आठवड्याभरात समोरच्या कारखान्यातले ओक्केश उस्ता, जे आमच्या उस्तांचे तीस वर्षांचे वैरी होते, तेही पाठमोरे होऊन गुपचूप दांडा जबड्याला लावताना दिसले. मग बाकीच्या दोघांनी लावला. मी तर दुपारच्या सुट्टीत सराव करायचो. एकदा चुकून दांड्याऐवजी पळीचं तापलेलं टोक हनुवटीला लागलं. तो डाग अजून आहे आणि मी लोकांना तो पिस्ते फोडताना पडला म्हणून सांगतो.

त्याच सुमारास उस्तांचं बोलणंही फार थोर झालं होतं. पूर्वी हा माणूस वाद घालायचा, चुका काढायचा. आता कुणी काही विचारलं, की ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, “उन्हाळा सरू दे, मग बघू.” समोरचा हसऱ्या तोंडानं बोलला तर, “का नाही? केव्हाही!” एवढ्या दोन वाक्यांवर त्यांचा संसार चालला होता. कुणी मुलाच्या लग्नाचा सल्ला विचारला, उन्हाळा सरू दे. कुणी घर विकू का म्हणून विचारलं, उन्हाळा सरू दे. गंमत म्हणजे थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं भलं झालं आणि लोक लांबून सल्ला घ्यायला येऊ लागले.

मी मात्र मूळचा चिडका माणूस. मला कुणी थोर झालेलं सहन होत नाही. तरी पाच-सहा वर्षं कशीबशी काढली. मग एकदा खांदा फार ठणकत होता, उस्ता पाठमोरे उभे राहून शीळ घालत होते, तर मी वैतागून पुटपुटलो, “सुलतानाच्या मुलीला माझा सलाम सांगा.” एरवी एवढ्यावर पळी डोक्यात बसली असती. उस्ता शीळ घालत राहिले. मी जरा आवाज चढवला. “उस्ता, ती मिशी घोड्याला लावा, त्याची शेपूट तुम्ही घ्या.” बाकीच्यांची लाटणी थांबली. उस्ता शीळ घालत राहिले. मग मी मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, नाक पुसण्याचं निमित्त करून रुमाल तोंडावर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “उस्ता, तुमच्या घराला आग लागलीय!”

त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाले, “उन्हाळा सरू दे, मग बघू.”

मी ओट्यावर परत गेलो आणि तासभर एकही पारी नीट लाटू शकलो नाही. हाडानं ऐकायचा म्हणे! बहिरा झालेला माणूस दुसरं कशानं ऐकणार? म्हणजे उस्तांनी आम्हाला पहिल्याच दिवशी अक्षरन् अक्षर खरं सांगितलं होतं. जन्मभर थापा मारणाऱ्या माणसानं एकदाच खरं सांगितलं आणि आम्ही गाढवांनी त्याची विद्या केली.

दुसऱ्या दिवशी उस्ता टोपी विसरून गेले होते, ती द्यायच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी गेलो. ते मशिदीत गेलेले. त्यांची बायको मेलिहा आब्ला, म्हणजे आमच्या मेलिहाताई, अंगणात बसून वाळवलेल्या वांग्यांत सारण भरत होत्या. माझा चेहरा बघूनच त्या म्हणाल्या, “कळलं वाटतं तुला? उशीर केलास.”

“आब्ला, तुम्हाला ठाऊक आहे?”

“सहा वर्षं झाली.”

“मग तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत?”

“विचारू कशी? त्याला ऐकू येतं का?” आणि त्या इतक्या हसल्या, की वांगं हातातून घरंगळलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, “मेमिक, लग्नाला तेहतीस वर्षं झाली. पहिली सत्तावीस वर्षं मी मूग गिळून बसले. आता भिंतीकडे तोंड करून मनसोक्त बोलते. त्याची आई, त्याची बहीण, तो सुलतान मेला, सगळ्यांचा उद्धार करते. फार मोकळं वाटतं बघ. जेवायला बोलावताना मात्र त्याच्याकडे तोंड करते. सावकाश बोलते. ओठ नीट हलवते. त्याला वाटतं, मला काही माहीत नाही.”

“डॉक्टरकडे...”

“डॉक्टरकडे गेला की गल्लीला कळणार. गल्लीला कळलं की सब्री बेंना कळणार.” सब्री बे, म्हणजे सब्रीसाहेब, आमचे मालक. “बहिऱ्या उस्ताला लोक उठून जागा देतील, हातात चहा देतील, पळी देणार नाहीत.” बोलता बोलता त्यांचा आवाज एकदम बदलला. “तुला ती पळी हवीय, हे मला माहितेय. तुझी बायको हमामात सगळ्यांना तुझा खांदा सांगत असते. नाही म्हणू नकोस. पण एक सांगते. तो घरी बसला तर सहा महिने काढणार नाही. मी त्याला शिव्या घालते, पण मला विधवा व्हायचं नाहीये.”

मी म्हणालो, “आब्ला, मी कशाला कुणाला सांगतोय!” आणि घरी जाताना रस्ताभर विचार करत होतो, कुणाला आणि कसं सांगावं. खोटं कशाला बोलू? मला ती पळी हवी होती, म्हणजे हवीच होती.

पण मला काहीच करावं लागलं नाही. रमजानचा तिसरा आठवडा, दुपारची वेळ. या वेळेला आंतेपातल्या कुठल्याही विडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसाशी बोलू नये. ओक्केश उस्ता आमच्या दारात येऊन सब्री बेंशी उगाच वाद उकरत होते.

“बे, तुमच्या वक्कासनं पळीचा नुसता तमाशा केलाय.”

“तमाशा? मग तुम्ही का लावता दांडा?” सब्री बे म्हणाले.

“मी? मी जबडा खाजवत होतो!” ओक्केश उस्ता भडकले. “आमच्या उस्तांच्या काळी पाकवाला चुलीकडे पाठ करून उभा राहायचा. हात मागे, पळी नाही, काही नाही. नुसत्या कानानं ऐकून सांगायचा, उचल! वक्कासला जमेल का विचारा की.”

उस्ता आतमध्ये वाकून पराती मोजत होते. सब्री बेंनी हाक मारली. अर्थात उपयोग झाला नाही. कुणीतरी त्यांचा एप्रन ओढला तेव्हा त्यांनी वर बघितलं. सब्री बे दारातल्या उजेडाकडे पाठ करून उभे, चेहरा काळोखात, ओठ दिसत नव्हते. फक्त दात दिसत होते, कारण ते हसत होते.

“उस्ता, चुलीकडे पाठ करून, पळीशिवाय, नुसत्या कानावर जमेल?”

दोन उत्तरांतलं एक निवडायचं होतं. समोर हसरा माणूस. बिचाऱ्यांनी नियमाप्रमाणे निवडलं.

“का नाही? केव्हाही!”

“मग उद्याच. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर. चुकलात तर पळी मेमिककडे.”

“केव्हाही!” उस्ता आणखी मोठ्यानं म्हणाले आणि पुन्हा पराती मोजायला लागले.

ओक्केश उस्ता हात चोळत गेले. मला पोटातून आनंदाचे उमाळे यायला लागले, आणि ते लपवायला मी इतक्या जोरात लाटलं, की पारी फाटली. मग जरा वेळानं वाटलं, निदान कबूल काय केलंय ते तरी या माणसाला कळावं. उस्तांना कोपऱ्यात गाठलं. समोर उभा राहिलो आणि ओठ नीट हलवत, एक एक शब्द सांगितला. पाठ. हात मागे. पळी नाही. उद्या. चुकलात तर मला.

उस्तांच्या चेहऱ्यावर पीठ होतंच, पण त्याखालचा चेहराही पांढरा झालेला मला दिसला. मग ते ताठ होऊन म्हणाले, “मला काय सांगतोस? मी ऐकलं होतं.”

दुसऱ्या दिवशी ते न्हाव्याकडे जाऊन आले. मिशी कातरलेली, एप्रन इस्त्रीचा. जणू त्यांचंच लग्न होतं. कारखान्यात सब्री बे, ओक्केश उस्ता आणि आम्ही आठ जण. मेलिहा आब्ला रक्तदाबाच्या गोळ्या द्यायचं निमित्त करून दारात येऊन थांबलेल्या. गोळ्या रोजा सुटल्यावर घ्यायच्या होत्या, पण ते त्यांना कुणी विचारलं नाही. सब्री बेंनी लाटणी थांबवायला सांगितली, आवाजाचा घोटाळा नको म्हणून. उस्ता चुलीकडे पाठ करून उभे राहिले, हात मागे बांधले. परात धरायला मी होतो. मालकांचाच हुकूम होता, कारण उद्यापासून ती चूल माझी व्हायची शक्यता होती.

भट्टीतून परात आली. मी ती चुलीवर ठेवली. सब्री बेंनी स्वतः पाक ओतला. तडतडाट झाला, फेस वर आला. मी उस्तांच्या पाठीकडे बघत होतो. मानेवर न्हाव्याच्या साबणाचा एक पांढरा पट्टा राहून गेला होता. घाईत पुसायचा राहिला असणार. तडतड गेली, चरचर आली. ती बारीक व्हायला लागली. उस्ता हलले नाहीत. मागे बांधलेल्या हातांची बोटं मात्र एकमेकांत इतकी घट्ट होती, की नखं पांढरी पडली होती. त्यांच्या कानांवर यातलं काहीही पोचत नव्हतं. ते नुसते उभे होते आणि अंदाजानं श्वास मोजत होते, हे मला दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट मला माझ्या खांद्याबद्दलही कधी वाटलं नव्हतं.

आवाज एकसारखा झाला.

उस्ता गप्प.

एक श्वास गेला. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं. आणखी एका श्वासात पापुद्रे बसले असते, आणि उद्यापासून मला लाटणं हातात धरायची गरज नव्हती. पण तेरा वर्षं मी त्या पाऱ्या लाटल्या होत्या. त्या परातीतल्या चाळीसही पाऱ्या माझ्या हातच्या होत्या, निधनवार्ता वाचता येतील अशा. फडकी कधी हातात घेतली आणि परात कधी उचलली, मला कळलंच नाही. खांद्यातून कळ गेली तेव्हा भान आलं.

उस्ता अजून तसेच पाठमोरे, त्यांना काही पत्ताच नाही.

सब्री बेंनी भुवया चढवल्या. “कोण म्हणालं उचल म्हणून?”

आता काय सांगू? दारात मेलिहा आब्लांनी पदरासारखा डोक्यावरचा रुमाल दातांत धरला होता. मी परात खाली ठेवली आणि तोंडाला येईल ते बोललो.

“उस्ता म्हणाले.”

“कधी?”

“आत्ताच! उचल म्हणाले की.” आणि मग माझ्यातला मूळचा चिडका, वात्रट माणूस जागा झाला. मी अगदी काळजीच्या सुरात विचारलं, “बे, तुम्हाला ऐकू नाही आलं?”

सब्री बे त्रेपन्न वर्षांचे होते. हल्ली घरी बायकोला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात, हे गल्लीला ठाऊक होतं. त्यांचे कान लाल झाले.

“आलं की! न यायला काय झालं? जरा हळू म्हणाले, इतकंच.”

ओक्केश उस्तांची तर चुलीसमोर तीस वर्षं गेलेली. त्या भट्टीच्या आणि बर्नरच्या आवाजात कुणाचे कान कसे राहतात, हे त्यांनाच जास्त माहीत होतं आणि तेच त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ते तावातावानं पुढे झाले.

“हळू कसलं? चांगला खणखणीत म्हणाला. मी स्पष्ट ऐकलं!”

“मी पण ऐकलं,” पहिल्या ओट्यावरचा म्हणाला.

“मीसुद्धा.”

“मला तर दोनदा ऐकू आलं,” सगळ्यात शेवटच्या ओट्यावरचा म्हणाला. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. या माणसाला कुठे थांबावं ते कधीच कळलं नाही.

यातल्या किती जणांनी भीतीनं खोटं सांगितलं आणि किती जणांनी उस्तांसाठी, ते मला आजवर कळलेलं नाही. विचारायची सोय नाही. विचारलं तर सगळेच म्हणतील, म्हणजे काय, ऐकलंच होतं!

मी फिरून उस्तांच्या समोर गेलो आणि ओठ नीट हलवत म्हणालो, “उस्ता, बरोबर वेळेवर उचल म्हणालात.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. वळून खाली ठेवलेल्या परातीकडे बघितलं. सगळ्यांची तोंडं बघितली. जन्मभर थापा मारलेला माणूस, पण ही थाप उचलायला त्याला बराच वेळ लागला. शेवटी मिशीवरून हात फिरला.

“म्हणजे काय,” ते म्हणाले. “चुकलोय का कधी?”

ओक्केश उस्तांनी काट्यानं एक तुकडा उचलला, आमच्या रीतीप्रमाणे उलटा केला, आणि रोजा असल्यामुळे तोंडात न घालता कानाजवळ नेऊन काटा आत दाबला. पापुद्रे मोडल्याचा आवाज झाला असावा, कारण परात खरोखरच उत्तम झाली होती. “वा!” ते म्हणाले. मग सब्री बेंनी ऐकलं. “वा वा!” मग सगळ्यांनी ओळीनं एकेक तुकडा कानाला लावून दाद दिली. नऊ उपाशी माणसं बकलावा कानाला लावून माना डोलावतायत, हे दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मेलिहा आब्ला गोळ्या न देताच निघून गेल्या.

पळी उस्तांकडेच राहिली. पुढे पाच वर्षं त्यांनी पाक घातला, दांडा जबड्याला लावून, आणि एक अपवाद सोडला तर एकही परात बिघडवली नाही. मी पाच वर्षं खांद्याला तेल चोळत लाटत राहिलो. मी संत नाही, त्यामुळे ती पाचही वर्षं मी उस्तांना मनातल्या मनात, आणि पाठीमागून मोठ्यानंही, भरपूर शिव्या घातल्या.

पण त्याच दिवशीचं एक सांगायचं राहिलं. सब्री बे आणि ओक्केश उस्ता गेल्यावर काम पुन्हा सुरू झालं, ईदेच्या पराती थांबणार थोड्याच. उस्तांनी नवी परात चुलीवर घेतली, पाक घातला आणि मला खुणेनं बोलावलं.

“मी काही बोललो नव्हतो,” ते हळूच म्हणाले.

“बोललात.”

“मेमिक. मी ओठसुद्धा हलवले नव्हते.”

“मग आम्ही दहा जण काय बहिरे आहोत?” मी म्हणालो. म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. उस्ता मात्र हसले.

“तुला पळी हवी होती ना?”

“अजून हवीय.”

“मग का उचललीस?”

“माझ्या पाऱ्या होत्या त्या!” मी चिडून म्हणालो. “फुकट घालवू?”

त्यांनी मान हलवली. पळी त्यांच्या हातात नुसती लोंबत होती आणि नजर माझ्या तोंडावर होती. मला वाटलं, आता सुलतानाचं काहीतरी काढणार. पण त्यांनी विचारलं, “शेवटी आवाज कसा झाला होता?”

“छान झाला होता.”

“ते मला परातीवरून कळलं. कसा झाला होता ते सांग. सहा वर्षं झाली रे.”

मी शिव्यांत तरबेज माणूस, असल्या गोष्टी सांगायची सवय नाही. मी म्हणालो, आधी पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. ते मान हलवत म्हणाले, ते आठवतंय, पुढचं सांग. मी म्हणालो, मग तुमचं-माझं भांडण होतं तसा. ते हसले. आणि शेवटी? शेवटी, उस्ता, माझी धाकटी रडून रडून झोपते ना, तिचे हुंदके कमी कमी होत जातात आणि मग एकदम श्वास संथ लागतो, तसा. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, तो संथ होताना एकदा मध्येच अडखळतो का अजून? मी म्हणालो, अडखळतो, एकदाच. ते म्हणाले, हां, एकदाच, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मी आणखी सांगत गेलो, सावकाश, ओठ नीट हलवत, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. चुलीवरच्या परातीची वेळ कधी होऊन गेली, ते त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं नाही.